धूळ धरायची ती चाकापाशीच

यंदाच्या अंकाचा विषय ‘धूळ’ असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा माळावरची, रस्त्यावरची, दुष्काळातली धूळ मी इतरांसाठी सोडून दिली. मला कारखान्यातली धूळ बघायची होती. ती वाऱ्यावर येत नाही. माणूस पगारासाठी दिवसभर ती स्वतःच्या हातांनी तयार करतो आणि त्याच हवेत श्वास घेतो. ती धरायची कशी याचं एक अख्खं शास्त्र आहे, आणि त्यावर आपल्याकडे फार थोडं लिहिलं जातं.

त्यासाठी सां-क्लोदला गेलो. फ्रान्सच्या पूर्वेला जुरा डोंगरांच्या घळीत, बिएन आणि ताकों या नद्यांच्या संगमावर हे गाव वसलं आहे. मध्ययुगात संत क्लोदच्या दर्शनाला इथे यात्रेकरूंची रीघ लागायची. त्यांना विकायला जपमाळा, डब्या, लाकडी मूर्ती करणारे कातारी गावात पिढ्यान्‌पिढ्या नांदले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रायर नावाचं लाकूड इथे पोचलं आणि कातकामात मुरलेल्या या हातांनी तंबाखू ओढायचे पाइप करायला घेतले. पुढे जगभरचे शौकीन या गावाला पाइपची राजधानी म्हणू लागले. आता मोजकेच कारखाने उरलेत. त्यांतल्या एकाने मला आत येऊ दिलं. नाव छापायचं नाही एवढी एकच अट घातली.

ओल्या लाकडाला धूळ नसते

ब्रायर हे भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाचं लाकूड. कोर्सिका, इटलीचा कालाब्रिया, ग्रीस, मोरोक्को या भागांतल्या कोरड्या टेकड्यांवर ते वाढतं. पाइपसाठी त्याचं खोड घेत नाहीत, फांद्याही घेत नाहीत. जमिनीलगत, खोड संपून मुळं सुरू होतात तिथे एक गाठ धरते, तीच खणून काढतात. ही गाठ दगडासारखी कठीण असते आणि तंबाखूच्या निखाऱ्याला सहजी जळत नाही.

खणलेली गाठ ओली ठेवून तिथल्या तिथेच करवतीने कापतात. मग ते ठोकळे तासन्‌तास उकळतात, म्हणजे आतलं टॅनिन निघून जातं. त्यानंतर कित्येक महिने सावलीत वाळवतात. ओलं लाकूड कापताना करवतीखाली लगदा पडतो, हवेत काही उडत नाही. धुळीची गोष्ट सुरू होते ती ठोकळा पूर्ण वाळल्यावर, म्हणजे तो सां-क्लोदच्या बाकावर आल्यावर.

पहिलं काम कातण्याचं. ठोकळा पकडीत बसवतात, पातं फिरतं, तंबाखू भरायची वाटी आत कोरली जाते आणि बाहेरचा गोल तयार होतो. दांडीतून धुराचं भोक पाडतात. या कामांत निघतो तो छिलका आणि जाडसर भुसा. तो बऱ्यापैकी शहाणा असतो: पात्याच्या दिशेने उडतो आणि खाली पडतो. खरी अडचण पुढच्या टप्प्यावर येते.

चाकासमोरचा चेहरा

घासकामाच्या दालनात एका रांगेत चाकं आहेत. कुठे सपाट तबकडीवर, कुठे मऊ गादीवर घासकागद ताणून बसवलेला. कामगार दोन्ही हातांनी पाइप धरतो आणि फिरत्या चाकावर टेकवतो. मनगट सारखं वळत असतं: वाटीचा गोल, मग वाटी आणि दांडी यांमधला कोपरा, मग दांडी. आधी भरड कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक. कागद जितका बारीक तितकी धूळ बारीक. हे सगळं नजरेने चालतं. लाकडाच्या रेघा कुठे उठून दिसतात, गाठीतला एखादा खड्डा कुठे उघडा पडला, हे बघण्यासाठी माणूस पुढे झुकतो. चाक आणि नाक यांत हातभरही अंतर उरत नाही.

मी गेलो त्या दिवशी देखभालीचा मिस्त्री वर्षाची तपासणी करत होता. फ्रान्समध्ये धूळ ओढणाऱ्या यंत्रणेची नोंदवही ठेवावी लागते आणि दरवर्षी हवेचा वेग मोजून त्यात लिहावा लागतो. त्याने आधी मला चाकापाशी उभं करून विचारलं, “काय दिसतं?” मला काही दिसलं नाही. हवा स्वच्छ वाटत होती. मग त्याने एक प्रखर, सरळ झोताचा दिवा कामगाराच्या पलीकडे ठेवला, दिव्याचं भिंग आमच्या डोळ्यांवर येणार नाही असा आडोसा धरला आणि खोलीतले दिवे घालवले.

कौलाच्या फटीतून येणाऱ्या कवडशात कण तरंगताना दिसतात, तशी ती सगळी हवा एकदम भरलेली दिसू लागली. चाकाच्या खालच्या बाजूने धुळीचा एक जाड पट्टा सुटून थेट हूडमध्ये, म्हणजे डक्टच्या तोंडाला बसवलेल्या पत्र्याच्या खोक्यात, शिरत होता. तो ठीक होता. पण चाकाच्या कडेला चिकटून आणखी एक पातळ पदर फिरत होता. फिरणारं चाक आपल्याबरोबर हवा ओढून नेतं, त्या हवेत सगळ्यांत बारीक कण अडकलेले असतात. हा पदर हूडला चकवून वरून पूर्ण वळसा घालत होता आणि कामगाराच्या हनुवटीखाली सुटत होता. तिथून तो खाली न जाता वर चढत होता. याचंही कारण मिस्त्रीने दाखवलं. कामगाराच्या पाठीमागून हूडकडे हवा वाहते. शरीर आड येतं, म्हणून छातीच्या पुढ्यात भोवरा तयार होतो, आणि त्या भोवऱ्यात सापडलेली धूळ तोंडाकडे ओढली जाते.

“मास्क देऊन टाका असं सगळे म्हणतात,” मिस्त्री म्हणाला. “मास्क आहेतच. पण दिवसभर पुढे झुकून काम करताना तो सरकतो, घाम येतो, चष्म्यावर वाफ धरते. मास्क ही शेवटची गोष्ट. पहिली गोष्ट हूड.” त्याने चाकाच्या वरच्या अंगाला, कडेपासून बोटभर अंतरावर, पत्र्याची एक जीभ बसवली आणि दिवा पुन्हा लावला. फिरणारा पदर त्या जिभेवर आपटून फाटला आणि त्यातला बराचसा भाग हूडकडे वळला. अर्धी वीत पत्रा, दोन स्क्रू. जन्मभर धुळीत काम केलेल्या माणसाला हे सुचतं आणि मोठ्या ब्लोअरची किंमत सांगणाऱ्या विक्रेत्याला सुचत नाही, याचं मला फार वाटलं.

ओढणं आणि फुंकणं

धूळ धरण्याची यंत्रणा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मोठा पंखा येतो. जितका मोठा पंखा तितकी जास्त धूळ ओढली जाईल असं वाटतं. ही समजूत बऱ्याच कारखान्यांना महागात पडते.

जळती मेणबत्ती हातभर लांब धरा आणि फुंका. विझेल. आता तितक्याच अंतरावरून तोंडाने हवा आत ओढून ती विझवून बघा. ज्योत हलणारसुद्धा नाही. फुंकलेली हवा झोतासारखी एका दिशेने लांब जाते. ओढलेली हवा मात्र तोंडाभोवतालच्या सगळ्या दिशांनी येते, त्यामुळे तिचा जोर बघता बघता संपतो. गोल तोंडाच्या डक्टसमोर, तोंडाच्या व्यासाइतक्याच अंतरावर गेलं तरी हवेचा वेग जेमतेम दहाव्या हिश्श्यावर येतो. डक्टचं तोंड अर्धा फूट रुंद असेल तर अर्ध्या फुटावरच खेळ जवळजवळ आटोपला. अंतर दुप्पट झालं की तेवढाच परिणाम साधायला साधारण चौपट हवा ओढावी लागते. चौपट हवा म्हणजे मोठी मोटर, जाड डक्ट, जास्त फिल्टर आणि महिन्याचं वाढलेलं वीजबिल.

छताला लावलेले एग्झॉस्ट पंखे म्हणूनच या कामाला जवळजवळ निरुपयोगी. खोलीतली धूळ ते हळूहळू पातळ करतात हे खरं, पण छतापर्यंत जाता जाता ती धूळ कामगाराच्या तोंडासमोरूनच जाते.

म्हणून हूडची जागा, त्याचा कोन आणि त्याच्या तोंडाभोवतीची पत्र्याची कड यांत सगळं कौशल्य आहे. कड लावली की हूडच्या पाठीमागची बिनकामाची हवा आत येत नाही आणि आहे तेवढ्याच पंख्यात समोरची पकड वाढते. चाक ज्या दिशेला धूळ भिरकावतं त्याच दिशेला हूडचं तोंड ठेवलं की अर्धं काम चाकच करतं.

डक्टमधून पुढे

धूळ हूडमध्ये शिरली म्हणजे संपलं असं नाही. डक्टमध्ये हवा सेकंदाला साधारण वीस मीटरने वाहत राहिली तरच लाकडाचा भुसा तिच्यासोबत जातो. वेग कमी झाला की तो तळाशी बसतो, वळणावर साचतो, वाट अरुंद होते आणि वेग आणखी घटतो. चाकांकडून येणारे डक्ट मुख्य डक्टला काटकोनात न जोडता तिरपे जोडतात, त्याचं कारणही हेच.

प्रत्येक चाकाच्या डक्टवर सरकती झडप असते. काम नसेल तर ती बंद करायची, म्हणजे उरलेल्या चाकांना जास्त ओढ मिळते. पण एकाच वेळी फार झडपा बंद केल्या तर मुख्य डक्टमध्ये पुरेशी हवाच राहत नाही आणि भुसा तिथे बसतो. उलट, कुणी जाताना झडपा उघड्याच टाकल्या तर कुठल्याच चाकाला धड ओढ मिळत नाही. या कारखान्यात एका वेळी किती झडपा उघड्या ठेवायच्या, ते भिंतीवर खडूने लिहून ठेवलेलं होतं.

डक्ट भिंतीतून बाहेर पडतो आणि सायक्लोनमध्ये शिरतो. सायक्लोन म्हणजे वर रुंद, खाली निमुळती लोखंडी टाकी. हवा आत गोल फिरते, जड कण भिंतीला आपटून खाली पिंपात पडतात. बारीक धूळ मात्र त्यातून निसटते, म्हणून पुढे फेल्टच्या लांबट पिशव्यांची रांग असते. या पिशव्यांबद्दल एक गोष्ट मला तिथेच कळली: कोरी पिशवी सगळ्यांत कच्ची. वापरता वापरता कापडावर धुळीचा पातळ थर बसतो आणि तो थरच बारीक कण अडवतो. थर फार जाड झाला तर हवा जात नाही, म्हणून ठरावीक वेळाने दाबाखालच्या हवेचा झटका देऊन पिशवी झाडावी लागते. कधी झाडायची ते पिशवीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक सांगतो. मिस्त्री रोज सकाळी आल्यावर आधी तो काटा बघतो.

या पिशव्यांच्या खोलीला एका बाजूला मुद्दाम कमजोर ठेवलेलं झाकण आहे, आणि त्यासमोरच्या अंगणात उभं राहायला मनाई आहे. लाकडाची बारीक धूळ हवेत पुरेशी दाट पसरली आणि बंद जागेत तिला ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. ब्रायरच्या गाठीत कधी वाळूचा खडा अडकलेला असतो, तो चाकावर घासला की ठिणगी उडते. कोरड्या हवेत डक्टवर स्थिर वीज साठते, म्हणून प्रत्येक जोडावर तांब्याची तार टाकून अर्थिंग केलेलं असतं. पहिला स्फोट बहुधा लहान असतो. तुळयांवर, खिडक्यांच्या पट्ट्यांवर वर्षानुवर्षं साचलेली धूळ त्याच्या धक्क्याने हवेत उडते आणि दुसरा स्फोट इमारत घेऊन जातो. इंग्लंडच्या चेशरमधल्या बॉस्ली गावात १७ जुलै २०१५ रोजी लाकडाचं पीठ करणाऱ्या गिरणीत स्फोट झाला आणि चार कामगार गेले. झाकण कमजोर ठेवायचं ते अशासाठी, की स्फोट झालाच तर त्याचा दाब माणसं नसलेल्या अंगणाकडे निघून जावा.

नाकाचा आजार

स्फोटाची बातमी होते. दुसरा धोका चाळीसेक वर्षांनी उगवतो, तोवर माणूस निवृत्त झालेला असतो.

इंग्लंडमधलं हाय विकम हे खुर्च्यांचं गाव. तिथे कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सक एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आलं, की नाकाच्या पोकळीचा एक अत्यंत विरळा कर्करोग त्यांच्याकडे येणाऱ्या फर्निचर कामगारांत वारंवार दिसतो आहे. ॲचेसन, मॅकबेथ आदी सहकाऱ्यांसोबत त्यांनी रुग्णांच्या कामाची माहिती जमवली आणि १९६८ साली ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. या कामगारांनी कुठलं रसायन हाताळलं होतं असं नव्हतं. ते लाकूड कापत होते, घासत होते. १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

नाकालाच का, तर लाकडाच्या धुळीतले बरेच कण फुप्फुसापर्यंत जाण्याइतके बारीक नसतात. ते नाकाच्या आतल्या वळणांत अडकून राहतात. त्याहून बारीक असतात ते खाली उतरतात आणि दम्यासारखे त्रास देतात.

फ्रान्समध्ये लाकडाच्या धुळीची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे एक मिलिग्रॅम आहे. युरोपीय संघाने कठीण लाकडांसाठी पूर्वी पाच मिलिग्रॅमची मुभा दिली होती. २०२३ पासून ती दोनवर आली आहे. एक मिलिग्रॅम म्हणजे डोळ्याला जवळजवळ न दिसणारी धूळ. ही मर्यादा पाळायची तर झाडू चालत नाही, आणि अंगावरची धूळ उडवायला दाबाच्या हवेची नळी तर मुळीच चालत नाही. जगभरच्या लाकूडकामात ही नळी सगळ्यांत लाडकी: सुट्टी झाली की शर्टावर, केसांवर झोत मारायचा आणि घरी जायचं. डक्टने दिवसभर धरलेली धूळ दोन मिनिटांत पुन्हा सगळ्यांच्या नाकासमोर येते. इथे त्या नळ्या बाकांवरून काढून टाकल्या आहेत. शेवटचा थोडा वेळ प्रत्येकाने व्हॅक्यूमने बाक आणि कपडे साफ करायचे, आणि तो वेळ कामाच्या तासांत धरलेला आहे.

थंडीचा पेच

पॉलिशच्या बाकावरच्या बाईंनी मला एक अडचण सांगितली, ती कुठल्याही आराखड्यात मला दिसली नव्हती. जुरात हिवाळा कडक असतो. ब्लोअर गरम हवा बाहेर फेकतो आणि तितकीच बाहेरची गारठलेली हवा दाराखालून, खिडकीच्या फटीतून आत येते. “पाय बधिर होतात,” त्या म्हणाल्या. “पूर्वी आम्ही फटींत चिंध्या कोंबायचो.” फटी बंद झाल्या की खोलीत हवा येईना, मग ब्लोअर फिरायचा पण ओढायचा कमी. थंडी आणि धूळ यांत कामगारांनी थंडी टाळली, आणि त्यांना दोष देणं मला जमत नाही. आता बाहेरची हवा तापवून छताजवळून सावकाश सोडणारी वेगळी यंत्रणा बसवली आहे. ब्लोअरच्या खर्चात हा खर्च मुळापासून धरायला हवा होता. सहसा तो कुणी धरत नाही.

निपाणीची चाळण

परत आल्यावर निपाणीला गेलो. पाइपचा आणि निपाणीचा संबंध तंबाखूचा. इथे पिकते ती विडीची तंबाखू, आणि तिची धूळ अंगावर घेतात त्या वखारींतल्या बायका. या बायकांवर युगांतर या चित्रपट-समूहाने १९८२ साली माहितीपट केला होता. दीपा धनराज यांनी तो दिग्दर्शित केला. वखारींतली कोंडलेली हवा आणि तिथल्या बायकांनी बांधलेली संघटना, दोन्ही त्यात आहेत.

मी पाहिली ती एक छोटी वखार. मधोमध मोटरवर थडथडणारी चाळण, वरून उघडी. दोन बायका घमेल्याने तंबाखू ओतत होत्या, खाली पोती भरली जात होती. खकाणा वखारभर. मला दारातच ठसका लागला. “लांब हुबं ऱ्हावा, दादा,” त्यांतली वयस्कर बाई म्हणाली. “आमास्नी काय न्हाई हुत. तासाभरानं नाकाला कळंनासंच हुतंय बघा.” नाकावर पदर, त्याच्या दोन पदरी घडीवर तपकिरी ठसा. छताला एक एग्झॉस्ट पंखा होता, त्याच्या पात्यांवर बोटभर थर.

आणि तिथे उभं असताना मला सां-क्लोदची सगळी खटपट आठवली. पाइपचं चाक झाकता येत नाही, कारण माणसाला बघत बघत हाताने काम करायचं असतं. म्हणून तिथे जिभा, कडा, दिवे, कोन. चाळणीचं तसं नाही. चाळताना तिच्यात डोकवायची कुणालाच गरज नसते. तिला पत्र्याचं झाकण घालता येतं, तंबाखू ओतायला एक तोंड ठेवता येतं, झाकणातून एक डक्ट काढून लहानशा ब्लोअरने बाहेरच्या पिशवीत हवा सोडता येते. चहूबाजूंनी बंद असलेल्या जागेतून धूळ ओढायला फार थोडी हवा लागते. सां-क्लोदच्या तुलनेत हे काम कितीतरी सोपं आहे. निपाणीच्या पत्राकामवाल्याला ते सहज जमेल.

आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम १४ होतं. धूळ बाहेर ओढणारं साधन लागणार असेल, तर ते धूळ निघते त्या जागेच्या शक्य तितकं जवळ बसवावं आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त करावी, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. सां-क्लोदच्या मिस्त्रीने मला दिवा लावून दाखवलं तेच. पण त्या कायद्यातला कारखाना म्हणजे विजेवर चालणारा असेल तर दहा कामगारांचा, वीज नसेल तर वीस कामगारांचा. त्याच्या जागी २०२५ मध्ये लागू झालेल्या, कामगारांच्या सुरक्षेविषयीच्या २०२० च्या संहितेने हे आकडे वीस आणि चाळीस केले. मी पाहिलेल्या वखारीत इतकी माणसं नव्हती.

मालकाला मी झाकणाबद्दल विचारलं. तो नाही म्हणाला नाही. पत्रा, ब्लोअर, पिशवी यांचा हिशेब त्याने माझ्यासमोर कागदावर मांडला आणि एकदाच करायचा खर्च आहे म्हणून होकारही दिला. मग चाळणीपाशी उभ्या असलेल्या त्या बाईंनी विचारलं, “पिशवी भरली की कोण रिकामी करणार? आम्हीच न्हवं?” त्यांची मजुरी वजनावर असते. चाळण थांबली की मजुरी थांबते. पिशवी झाडायला जाणारा वेळ त्यांच्या खिशातून जाणार असेल तर ती पिशवी भरलेलीच राहील आणि झाकण उघडून ठेवलं जाईल. मालकाच्या कागदावर पत्रा होता, ब्लोअर होता, पिशवी होती. त्या वेळाच्या मजुरीची ओळ नव्हती. ती मी त्याला लिहायला लावली, आणि त्यानेही ती बाईंना मोठ्याने वाचून दाखवली.